पहिली नेमणूक मनोरुग्णालयात

परिचर्येच्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा उत्तीर्ण होऊन, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या दफ्तरी आपले नाव चढवून आणि नोंदणीचे प्रमाणपत्र हाती घेऊन ज्या मुली व जे मुलगे दरवर्षी नोकरीच्या शोधार्थ बाहेर पडतात, त्यांच्यापैकी बहुतेकांची दृष्टी अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह, एखादे मोठे धर्मादाय इस्पितळ किंवा पुढेमागे साधणारा परदेश ह्यांच्याकडे लागलेली असते. आणि ते स्वाभाविकही आहे, कारण शिक्षणासाठी काढलेले कर्ज, पाठीवरची भावंडे आणि गावाकडच्या अपेक्षा ह्यांचा भार पहिला पगार हाती येण्यापूर्वीच त्यांच्या शिरावर पडलेला असतो. परंतु ह्याच समुदायात काही थोडी माणसे अशी निघतात, की ज्यांना मनोरुग्णांचीच शुश्रूषा करावयाची असते, आणि तीही अगदी आरंभापासून, समजून-उमजून, पहिल्या पसंतीने. अशा काही नवपदवीधरांशी, त्यांना शिकविणाऱ्या पाठ्यनिर्देशिकांशी आणि मनोरुग्णालयात उभी हयात घालविलेल्या परिसेविकांशी गेल्या वर्षभरात मी सविस्तर बोलले. ज्या कामासाठी देशात माणसे मिळत नाहीत म्हणून सर्वत्र ओरड आहे, नेमक्या त्याच कामाकडे स्वतःहून येणाऱ्या तरुण माणसाला दारातून परत पाठविण्याची रीत आपल्याकडे किती सहजपणे पडून गेली आहे, हे त्या संभाषणांतून जसजसे उलगडत गेले, तसतसे ह्या विषयावर विस्ताराने लिहिले पाहिजे असे मला वाटू लागले.

ही इच्छा उपजते कोठे, हे आधी सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. नागपूरचे १८६४ मधले, रत्नागिरीचे १८८६ मधले, ठाण्याचे नरोत्तमदास माधवदास ह्यांच्या नावाने १९०१ साली उभे राहिलेले, आणि चौथे पुण्याजवळ येरवड्याचे. मंजूर खाटांचा हिशेब पाहिला तर येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५ अशी त्यांची क्षमता आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील परिचर्या विद्यालयांचे विद्यार्थी मानसिक आरोग्याच्या अनुभवासाठी ह्याच ठिकाणी येतात. त्यांच्या भाषेत त्याला ‘पोस्टिंग’ म्हणतात. सोलापूर-कोल्हापूरकडून, बीड-परभणीकडून विद्यार्थ्यांनी भरलेल्या गाड्या येतात, वसतिगृहात पथाऱ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंडी दारामागच्या कक्षात पाऊल टाकताना मुली एकमेकींचे हात घट्ट धरतात. ही भीती पहिल्या दोन-तीन दिवसांत ओसरते, असे सर्व पाठ्यनिर्देशिका एकमुखाने सांगतात. ती ओसरल्यावर जे उरते, त्यावरून कोण पुढे ह्या वाटेला येणार ते त्यांना बहुधा ओळखता येते.

लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीने मला सांगितलेली हकिकत अशी. तिच्या वाट्याला आलेली वयस्क बाई कित्येक आठवडे कोणाशी चकार शब्द बोललेली नव्हती. मुलगी रोज ठरलेल्या वेळी तिच्याशेजारी जाऊन बसे, स्वतःचे नाव सांगे, किती वेळ बसणार ते सांगे आणि गप्प राही. कारण रुग्ण आणि परिचारिका ह्यांच्यातील नाते हेच ह्या शाखेचे मुख्य साधन होय, हा हिल्डगार्ड पेप्लॉ ह्या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली ग्रंथरूपाने मांडलेला सिद्धांत तिने परीक्षेपुरता पाठ केलेला होता. एके दिवशी त्या बाईने एकाएकी विचारले, “तुमच्याकडं पाऊस झाला का?” मुलगी आनंदाने म्हणाली, “हो, झाला की. आता तुम्ही जेवून घ्या बरं.” बाई जेवली, आणि पुन्हा मुकी झाली. संध्याकाळी संभाषणाची नोंदवही लिहावयाची असते. रुग्ण काय बोलला, आपण काय बोललो आणि त्यातून काय उमगले, असे तिचे रकाने असतात. पाठ्यनिर्देशिकेने मुलीच्या उत्तराखाली तांबड्या शाईने रेघ ओढून लिहिले, ‘इतक्या दिवसांनी तिने पावसाविषयी विचारले, आणि तू तिला ताटावर पाठविलेस. तुझी घाई कशाची होती?’ मुलगी मला म्हणाली की, चार वर्षांच्या शिक्षणात तिला पुष्कळ गुण मिळाले आणि पुष्कळ बोलणीही बसली, पण आपण काहीतरी खरोखर शिकलो असे तिला वाटले ते त्या रेघेपाशी. त्याच रात्री तिने ठरविले की नोकरी करावयाची ती ह्याच कामात.

ठरविणे सोपे आणि मिळविणे कठीण. पहिला अडसर घरातच असतो. आपल्या भाषेत येरवडा आणि ठाणे ही दोन गावे एखाद्याला वेड्यात काढण्यासाठी इतक्या पिढ्या वापरली गेली आहेत, की मुलगी त्याच गावच्या मनोरुग्णालयात नोकरी करणार म्हटल्यावर आईबाप गांगरून जातात. लग्नाच्या वेळी काय सांगायचे, हा प्रश्न मोकळेपणाने कोणी विचारीत नाही. पण तो प्रत्येक घरात असतो. जालन्याकडच्या एका शेतकरी बापाने मुलीला एवढेच म्हटले, “इतकं शिकलीस, तर चांगल्या माणसांचा दवाखाना बघ.” ह्या बापाच्या मनात दुष्टावा नव्हता. मनोरुग्णालयाचा कक्ष त्याने कधी पाहिलेला नव्हता, आणि जे त्याने ऐकले होते ते बहुधा पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे होते.

दुसरा अडसर मात्र जाणत्यांनीच घातलेला आहे, आणि म्हणून त्याचा विचार जास्त बारकाईने करावयास हवा. नवपदवीधराने मनोरुग्णालयाचे नाव काढले की वडीलधारे सहकारी, महाविद्यालयातले अध्यापक, कधी खुद्द मुलाखत घेणारे डॉक्टरही सांगतात की, आधी दोन वर्षे सर्वसाधारण कक्षात काढ, शिरेतून औषध देण्याचा, जखम बांधण्याचा, नळी घालण्याचा हात बसू दे, आणि मग हवे तर इकडे ये. आताच आलीस तर शिकलेले सारे विसरशील. ह्या सल्ल्यामागे कळकळ असते. त्यात काही तथ्यही आहे. रुग्णालयातील शिस्त, वेळेचे भान, सहा जणांची सहा कामे डोक्यात ठेवून सातव्याच्या हाकेला ओ देणे, ह्या गोष्टी सर्वसाधारण कक्षात लवकर अंगवळणी पडतात. तथापि ह्या उपदेशाच्या मुळाशी असे एक गृहीत आहे की मनोरुग्णाला शरीर नसते, किंवा असले तरी त्याची काळजी दुसरा कोणीतरी घेतो. आणि हे गृहीत साफ चुकीचे आहे.

लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील त्या औषधाचे प्रमाण दर लिटरला ०.६ ते १.२ मिलिमोलच्या मर्यादेत राहावे लागते, ते १.५ च्या वर गेले म्हणजे हात थरथरणे, जुलाब, चालताना झोक जाणे अशी विषबाधेची चिन्हे दिसू लागतात, आणि उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले की ती मर्यादा पाहता पाहता ओलांडली जाते. क्लोझापिन सुरू केलेल्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला मोजाव्या लागतात; त्याच औषधाने आतडी मंदावून साधा मलावरोध प्राणावर बेतू शकतो, म्हणून ‘आज शौचास झाली का’ हा प्रश्न तेथे विचारण्यात हेळसांड चालत नाही. हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन दिल्यावर एखाद्या तरुणाची मान एका बाजूस ताठरते, डोळे वर ओढले जातात, आणि तो पुन्हा भ्रमिष्ट झाला असे समजून नातेवाईक रडू लागतात. अशा वेळी हा औषधाचा परिणाम आहे हे ओळखून प्रोमेथाझिन तयार ठेवणारी आणि डॉक्टरला बोलावणारी व्यक्ती ही परिचारिकाच असते. विद्युत् उपचाराच्या दिवशी रुग्णाला उपाशी ठेवणे, संमतिपत्र तपासणे, कवळी काढून घेणे, भूल उतरेपर्यंत कुशीवर निजवून श्वासावर नजर ठेवणे, हे सारे शस्त्रक्रियागृहातील काटेकोरपणानेच चालते. आणि ह्या सर्वांवर भर अशी की, येथील रुग्ण आपल्याला काय होते ते पुष्कळदा सांगत नाही, किंवा सांगतो ते अशा भाषेत की पोटातल्या दुखण्याला तो पोटात शिरलेल्या शत्रूचे नाव देतो. त्या बोलण्यातून अपेंडिक्सची कळ वेगळी काढणारी नजर दुसऱ्या कोणत्या कक्षात दोन वर्षे काढून येत असेल, असे मला तरी वाटत नाही.

ब्रिटनमध्ये परिचर्येचे शिक्षण प्रौढ, बालक, बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आरोग्य अशा चार शाखांत आरंभापासूनच विभागलेले असते; मानसिक आरोग्याची शाखा घेतलेला पदवीधर तेथे पहिल्या दिवसापासून मनोरुग्णांच्या कक्षात रुजू होतो, आणि नव्याने आलेल्यास काही महिने अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवण्याची व्यवस्था असते. आपल्याकडे शिक्षण सर्वसाधारण असते आणि मानसिक आरोग्य हा त्यातील एक विषय. खास अभ्यास करावयाचा तर नोंदणीनंतर एक वर्षाची पदविका किंवा पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घ्यावी लागते. बेंगळुरूला १९५४ साली स्थापन झालेली आणि १९७४ पासून निम्हान्स ह्या नावाने ओळखली जाणारी संस्था ही ह्या शिक्षणाची आपल्या देशातील मोठी शाळा. पण तेथवर पोचणारे थोडे, आणि पोचण्याइतकी पुंजी गाठीस असणारे त्याहून थोडे. पदविकेचे वर्ष म्हणजे पगाराविना एक वर्ष, हा हिशेब कर्जदार घरात टाळता येत नाही.

कायद्याने मात्र ह्या मुलांच्या वाटेत काटे पेरलेले नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून अंमलात आला, त्याने मानसिक आरोग्य परिचारिकेची जी व्याख्या केली आहे, तीत सर्वसाधारण परिचर्येची पदविका किंवा पदवी असलेली आणि राज्याच्या परिषदेत नोंदलेली व्यक्तीही बसते. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने अशा परिचारिकांची नोंदणी करावी आणि त्यांची यादी प्रसिद्ध करावी, असेही त्यात आहे. तेव्हा मनाची खास पदविका नाही म्हणून तू पात्रच नाहीस, असे जेव्हा एखाद्या दफ्तरातला कारकून सरसकट सांगतो, तेव्हा पद कोणते आणि नियम कोणता, हे नम्रपणे विचारण्याचा हक्क उमेदवारास आहे. शासकीय सेवेत ‘मनोविकृती परिचारिका’ ह्या पदासाठी खास पदविका मागतात, हे खरे. पण प्रादेशिक मनोरुग्णालयांतील कक्षांचा रोजचा गाडा ज्यांच्या खांद्यावर चालतो त्या अधिपरिचारिकांना सर्वसाधारण नोंदणीवरच घेतले जाते.

अडचण आहे ती जाहिरातीची. शासकीय भरती वर्षानुवर्षे खोळंबते आणि मग एकदम निघते; २०२३ साली सार्वजनिक आरोग्य विभागाने दहा हजारांहून अधिक पदांची एकत्र जाहिरात काढली, तेव्हा मधली कित्येक वर्षे वाट पाहणारे उमेदवार वयोमर्यादेच्या काठावर आलेले होते. अर्जाबरोबर अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, त्याची वैधता, उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण, अशी कागदपत्रांची चळत. मग संगणकावरील परीक्षा, तीत व्याकरण, सामान्यज्ञान, अंकगणित आणि परिचर्या. मग निवडयादी, प्रतीक्षायादी, कागदपत्रांची पडताळणी, पदस्थापना. ह्या लांबलचक क्रमात ‘तुला मनोरुग्णांमध्ये काम करावयाचे आहे काय’ हा प्रश्न कोठेच येत नाही. परिणाम असा होतो, की ज्याची तीव्र इच्छा आहे त्याची नेमणूक प्रसूतिगृहात होते, आणि ज्याला ह्या कामाची धास्ती आहे तो ठाण्यास किंवा येरवड्यास रुजू होऊन पहिल्या दिवसापासून बदलीचा अर्ज लिहू लागतो. पदस्थापनेच्या वेळी पसंती विचारण्यास शासनाला एक पैसाही खर्च येणार नाही, आणि दोन्ही उमेदवारांचे व दोन्हीकडच्या रुग्णांचे कल्याण होईल.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ही दुसरी वाट. १९८२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमातून १९९६ साली तो निघाला. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका ह्यांचे पथक असावे आणि त्याने तालुक्याच्या गावी जाऊन रुग्ण तपासावेत, अशी ती योजना आहे. विदर्भ-मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी चालणारा ‘प्रेरणा’ प्रकल्प ह्याच व्यवस्थेला जोडलेला आहे. नवपदवीधराला शिकण्याच्या दृष्टीने ह्याहून संपन्न जागा नाही, कारण येथे रुग्ण कक्षात बंद नसतो. तो आपल्या घरात, आपल्या बैलांपाशी, आपल्या कर्जापाशी भेटतो. परंतु ही पदे कंत्राटी असतात. अकरा महिन्यांची मुदत, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा अकरा महिने, आणि पगार निधी आला म्हणजे. यवतमाळकडच्या एका तरुणाने सांगितले की, ज्या घरांना त्याने औषधे चालू ठेवण्याचे महत्त्व पटवून दिले होते, त्यांतल्या एका म्हातारीने खंडाच्या काळात फोन करून विचारले, “दादा, तूच औषध सोडलंस व्हय?”

तिसरी वाट खासगी आणि सेवाभावी संस्थांची. १९८६ साली अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट ह्यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र, ठाण्याची १९९० मधली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था, डॉ. जगन्नाथ वाणी ह्यांच्या पुढाकाराने पुण्यात उभी राहिलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, कर्जतला डॉ. भरत वाटवानी ह्यांचे रस्त्यावरील मनोरुग्णांना आश्रय देणारे श्रद्धा पुनर्वसन केंद्र, अशा कामांनी मराठी मुलुखात मनाच्या आजाराविषयी बोलण्याची लाज पुष्कळ कमी केली. पण सर्वच खासगी जागा अशा नसतात. जिल्ह्याच्या गावी गेल्या काही वर्षांत व्यसनमुक्ती आणि मनोविकार ह्यांची छोटी खासगी इस्पितळे निघाली आहेत, आणि नवपदवीधराला पहिली नोकरी पुष्कळदा तेथेच, फारशी विचारपूस न होता मिळते. अशाच एका ठिकाणी लागलेल्या मुलीचा अनुभव मी जसाच्या तसा देते. मुलाखत थोडक्यात आटोपली. भीती वाटते का, एवढाच प्रश्न विचारला गेला. मूळ प्रमाणपत्रे व्यवस्थापनाने कपाटात ठेवून घेतली. दुसऱ्याच आठवड्यात तिला रात्रपाळी लागली, आणि त्या रात्री साऱ्या इमारतीत शिक्षण घेतलेली ती एकटी होती. सोबतीस एक मामा, म्हणजे कक्षातला सेवक, होता.

दारू सुटण्यासाठी दाखल झालेल्या एका गृहस्थाची ती दुसरी रात्र होती. संध्याकाळपर्यंत तो हसतखेळत होता. मध्यरात्रीनंतर तो चादरीवरून काहीतरी वेचू लागला. मुंग्या आहेत म्हणाला. अंग घामाने निथळत होते, नाडी भराभर चालत होती, आणि आपण गावी बैलबाजारात आहोत अशा समजुतीने तो मामाशी भाव करीत होता. मामा हसला. मुलीला मात्र वर्गातली ओळ आठवली, की दारू थांबल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारा हा संभ्रम जिवावर बेततो. तिने डॉक्टरांना फोन केला, उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा केला. खोलीतला मोठा दिवा लावला, स्वतःचे नाव आणि गावाचे नाव त्याला दर काही मिनिटांनी सांगत राहिली, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन गेले पाहिजे हे लक्षात ठेवून दोन्ही बाजूला काढून ठेवले. डॉक्टर आले, लोराझेपाम दिले गेले, रुग्ण वाचला. सकाळी तिला शाबासकी मिळाली, आणि पुढच्या रात्रीही तिची एकटीचीच पाळी लागली. महिनाअखेर तिने राजीनामा दिला. प्रमाणपत्रे परत मिळविण्यासाठी बापाला घेऊन जावे लागले. ती ह्या शाखेत आता नाही. जी मुलगी त्या रात्री इतकी स्थिर राहिली, ती ह्या कामास कायमची मुकली, ह्याचे मला अतोनात दुःख होते; आणि ह्या हानीचा दोष तिच्या माथी मारता येत नाही.

ह्याच्या उलट चित्र मी एका शासकीय कक्षात पाहिले, आणि ते पाहताना ही कला हातातून हातात कशी जाते ते समजले. सकाळची औषधांची फेरी होती. निवृत्तीस आलेल्या परिसेविका ढकलगाडीपाशी उभ्या होत्या आणि नव्याने रुजू झालेली अधिपरिचारिका त्यांच्या डाव्या हाताला. पुरुषांची रांग. प्रत्येकाला नावाने हाक, गोळी तळहातावर, पाण्याचा पेला, मग तोंड उघडून दाखविणे. एका तरुणाने गोळी गिळल्यासारखे केले आणि तोंडही उघडले. नवी मुलगी पुढच्या नावाकडे वळणार, तोच परिसेविका त्या तरुणाला म्हणाल्या, “काय रे, काल घरून कोण आलं होतं?” तो थबकला. आई आली होती, म्हणाला. आणि बोलण्यासाठी जीभ हलवताच गोळी तिच्याखाली दिसली. परिसेविका रागावल्या नाहीत. त्यांनी पेला पुन्हा भरला, आई काय म्हणाली ते विचारीत राहिल्या, आणि तो सांगत असताना गोळी गेली. रांग पुढे सरकल्यावर त्या मुलीला हळू आवाजात म्हणाल्या, “अगं, तोंडात शोधू नकोस. आधी त्याच्याशी बोल.” मग कात्र्या मोजल्या, किल्ल्या मोजल्या, माणसे मोजली, आणि तिन्ही आकडे वहीत नोंदवून झाल्यावरच पाळी बदलली.

ह्या कक्षात ओढणी मोकळी सोडीत नाहीत, गळ्यात लांब माळ घालीत नाहीत, रुग्णाशी बोलताना दाराची वाट अडवून उभे राहत नाहीत, आणि चिडलेल्या माणसाशी चौघांनी एकदम बोलावयाचे नाही, एकानेच बोलावयाचे, असा शिरस्ता आहे. कोणी कागदावर लिहून दिलेला नाही. पण सहा महिने जुन्या माणसाच्या शेजारी उभे राहिल्याने तो अंगात मुरतो. पुरुषांच्या कक्षांत काम करावयास ‘ब्रदर’ मंडळींची नेहमी चणचण असते, आणि परिचर्या शिकणाऱ्या मुलांना अन्यत्र जी दुय्यम वागणूक मिळते ती येथे मिळत नाही, हे त्यांतल्या काहींनी मला आवर्जून सांगितले.

रुग्णाच्या हक्कांचे ज्ञान नव्या परिचारिकेला केवळ परीक्षेसाठी नव्हे, पहिल्याच पाळीपासून लागते. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे आगीत जळून गेली. आज कायद्याने साखळी पूर्ण निषिद्ध आहे, एकांतकोठडी निषिद्ध आहे, सक्तीने डोके भादरणे निषिद्ध आहे, आणि रुग्णाला आवरून धरणे हे तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच, तज्ज्ञाच्या अनुमतीने आणि नोंदीसह करता येते. आवरून धरण्याविषयीच्या त्याच कलमात असे स्पष्ट म्हटले आहे, की केवळ कर्मचारी कमी आहेत ह्या सबबीवर रुग्णाला बांधता येणार नाही. रात्रपाळीला एकटी मुलगी ठेवणाऱ्या प्रत्येक संचालकाने हे वाक्य वाचावे, कारण जेथे माणसे पुरत नाहीत तेथे दोरी बाहेर निघते, आणि ती बांधण्याचा हुकूम पाळावा लागतो तो बहुधा सर्वांत नव्या कर्मचाऱ्यास.

आकडे सर्वांना ठाऊक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या नोंदीप्रमाणे भारतात मानसिक आरोग्याच्या परिचारिकांचे प्रमाण लाख लोकसंख्येमागे ०.८ होते, म्हणजे पुरती एकही नाही. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत जी राष्ट्रीय पाहणी केली, तीत विविध मनोविकारांच्या रुग्णांपैकी उपचारांविना राहणाऱ्यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांपासून नव्वदीच्या पुढपर्यंत आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली अवस्था फार निराळी असेल असे समजण्यास आधार नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली, ती उपयुक्त आहे. परंतु फोनवरून धीर दिल्यावर ज्या रुग्णाला दाखल करावे लागते, त्याच्या खाटेपाशी रात्री कोण असते, हा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

म्हणून मुलाखतीस जाणाऱ्या नवपदवीधरांना माझे सांगणे असे आहे, की पगार विचारा, तो विचारण्यात संकोच नको. पण त्याबरोबर पहिले तीन महिने माझ्या पाळीत माझ्याहून जुने कोण असेल, रात्री डॉक्टर किती वेळात येतात, रुग्ण अंगावर धावून आला तर काय करावयाचे हे शिकवितात काय, आणि मार बसला तर दुसऱ्या दिवशी माझी विचारपूस कोण करील, हेही विचारा. ह्या प्रश्नांनी जो मालक चिडेल त्याच्याकडे रुजू होऊ नका. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही कपाटात ठेवू नका. प्रती द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या. खासगी इस्पितळांच्या चालकांना विनंती, की नव्या मुलीला पहिल्या सहा महिन्यांत एकटीची रात्रपाळी लावू नये. एका जादा पगाराचा खर्च एका गमावलेल्या परिचारिकेपेक्षा कमीच असतो. शासनाकडे मागणे, की जिल्हा पथकांतील परिचारिकांची पदे कायम करावीत आणि पदस्थापनेच्या अर्जात मानसिक आरोग्याच्या पसंतीचा एक रकाना घालावा.

आणि ज्यांच्या घरात अशी मुलगी किंवा असा मुलगा आहे त्या वाचकांस एवढेच सांगावयाचे, की नकार देण्यापूर्वी आपल्या प्रदेशातील मनोरुग्णालयात भेटीच्या वेळेस एकदा स्वतः जाऊन यावे, तेथे काम करणाऱ्या एखाद्या परिसेविकेशी बोलावे, आणि नंतर मुलीला अर्ज भरू द्यावा. जाहिरात निघाली की अर्जाची मुदत थोड्याच दिवसांची असते.